बांधावरची गळती

डेटाबेस सर्व्हरमधली मेमरीची गळती पहिल्यांदा दिसते ती दोन आकड्यांच्या तफावतीत. ऑपरेटिंग सिस्टीमला विचारले तर ती सांगते, ही प्रोसेस तासागणिक फुगत चालली आहे. त्याच प्रोसेसला डीबगर जोडून पोस्टग्रेसकडून त्याच्या स्वतःच्या मेमरीचा हिशेब छापून घेतला, तर तो जेमतेम काही मेगाबाइटचा निघतो आणि तासाभराने पुन्हा काढला तरी तेवढाच भरतो. म्हणजे वहीत नोंद नसलेली उचल सर्व्हरच्या नावावर चालू आहे. ही उचल करणारी बहुधा सर्व्हरच्या पोटात बसवलेली परकी लायब्ररी असते: एक्सएमएल वाचणारी, नकाशातल्या आकृत्यांचे छेद काढणारी, मजकूर कूटबद्ध करणारी, नाहीतर चालू क्वेरीचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारी. अशा वेळी संशय दोघांवरच जातो. लायब्ररी लिहिणाऱ्याने हलगर्जी केली असेल, किंवा सर्व्हर लिहिणाऱ्याने. पोस्टग्रेसचा जवळपास चाळीस वर्षांचा इतिहास तपासला, तर सगळ्यात चिवट गळतीच्या बाबतीत हे दोन्ही संशय अपुरे पडतात. दोन शेतांमधला बांध खचला म्हणून दोन्हीकडचे शेतकरी आळशी ठरत नाहीत; बांधाची डागडुजी कुणाकडे, हे ठरलेले नसते. मेमरीही अशीच बांधावर गळत आली आहे, आणि ती थांबली ती बांधावरचा करार कोडमध्ये स्पष्ट लिहिला गेल्यावर.

परका कोड डेटाबेसच्या आत आला कसा, इथून सुरुवात करायला हवी. पहिल्या पिढीतल्या रिलेशनल डेटाबेसना आकडे, अक्षरे आणि तारखा एवढेच कळत असे. नकाशातली एखादी सीमारेषा किंवा यंत्राच्या आराखड्यातला भाग साठवायचा तर तो तोडून आकड्यांच्या रांगांमध्ये कोंबावा लागे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत 1986 मध्ये पोस्टग्रेसचे काम सुरू केले, ते ही मर्यादा मोडण्यासाठी. वापरणाऱ्याने स्वतःचे डेटा प्रकार घडवावेत, त्यांवरची फंक्शन सी भाषेत लिहावीत आणि चालू सर्व्हरमध्ये ती भरावीत, अशी ही रचना होती. भरलेले फंक्शन सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत चालते. ते तिथे चालण्याला सबळ कारण होते. असे फंक्शन एका क्वेरीत लाखो ओळींवर लाखो वेळा बोलावले जाते, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रोसेसचा उंबरा ओलांडायचा तर क्वेरी रांगायला लागेल. तेव्हा परक्या कोडला घरात घेणे ही पुढे कधीतरी झालेली तडजोड नव्हती. ते या डेटाबेसचे मूळ वचनच होते, आणि म्हणून त्या वचनाची किंमतही पहिल्या दिवसापासून ठरलेली होती.

ती किंमत समजण्यासाठी घरातली मेमरीची रीत जवळून पाहावी लागते. सी भाषेत मेमरी मागायची ती ‘मॅलॉक’कडे आणि परत करायची ती ‘फ्री’ने. जितक्या मागण्या तितक्या परती. एक जरी विसरली तरी गळती. डेटाबेसला हा नियम फार महाग पडतो. एखादी क्वेरी हजारो छोटे तुकडे मागते आणि ऐन मध्यात, शून्याने भागाकार झाल्यासारख्या क्षुल्लक कारणाने, रद्द होते. ज्या वीस फंक्शनच्या उतरंडीतून ती खाली आली, त्यांपैकी कुणाकडेच आता आवराआवर करायला वेळ उरत नाही. पोस्टग्रेसने म्हणून मेमरीची खाती पाडली. प्रत्येक तुकडा कुठल्या तरी खात्यातून घ्यायचा आणि काम संपले की अख्खे खाते एका फटक्यात मोकळे करायचे. ही कल्पना एकट्या पोस्टग्रेसची नव्हती. डेव्हिड हॅन्सन यांनी 1990 मध्ये वस्तूच्या आयुर्मानावरून मेमरी वाटण्याच्या पद्धतीवर निबंध लिहिला होता, आणि अपाची वेब सर्व्हरनेही 1995 मध्ये असेच ‘पूल’ स्वीकारले. पोस्टग्रेसच्या खात्यांची आखणी मात्र बराच काळ ढोबळ राहिली. 7.0 आवृत्तीपर्यंत मोठ्या क्वेरीत वापरून झालेली मेमरी क्वेरी संपेपर्यंत परत मिळत नसे. पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांच्या पुढाकाराने झालेली नवी मांडणी एप्रिल 2001 मधल्या 7.1 आवृत्तीत आली, आणि प्रत्येक ओळीच्या हिशेबासाठी वेगळे, अल्पायुषी खाते मिळाले. ओळ हातावेगळी झाली की ते पुसायचे.

ही मांडणी आजही जवळपास तशीच उभी आहे. खात्यांचे एक झाड असते. सगळ्यात वर प्रोसेसभर टिकणारे खाते, त्याखाली ट्रान्झॅक्शनचे नि क्वेरीचे, आणि तळाशी ओळीपुरते. वरची फांदी छाटली की खालच्या सगळ्या डहाळ्या तिच्यासोबत जातात. नेहमीचे खाते 8 किलोबाइटच्या ठोकळ्यापासून सुरू होते आणि गरज पडेल तसा पुढचा ठोकळा दुप्पट, असे करत 8 मेगाबाइटपर्यंत जाते. त्रुटीच्या संदेशासाठी एक खाते कायम राखून ठेवलेले असते आणि त्यात निदान 8 किलोबाइट मेमरी असतेच. उद्देश असा की मेमरी संपली आहे हे सांगण्यासाठीच मेमरी नाही, अशी वेळ येऊ नये. आणि त्रुटी आली की सर्व्हर पायऱ्या उतरत नाही, थेट उडी मारतो. सी भाषेतल्या ‘लाँगजंप’ने तो मधली सगळी फंक्शन ओलांडून सुरक्षित जागी पोहोचतो आणि मागे राहिलेले सगळे खात्यासकट पुसतो. ही रीत इतकी सोयीची आहे की सर्व्हरच्या आतल्या प्रोग्रॅमरने बारीकसारीक तुकडे परत करणेच सोडून दिले, आणि त्याचे ते बरोबरच होते.

परकी लायब्ररी दुसऱ्याच रीतीने वाढलेली असते. तिने घेतलेला तुकडा ‘मॅलॉक’चा असतो, म्हणून कुठल्याच खात्यात बसत नाही. आपल्याला बोलावणारा शेवटी ‘आता आवर’ असे सांगेल, या भरवशावर ती चालते. सर्व्हर मात्र मध्येच उडी मारून निघून जातो आणि ते सांगणे राहून जाते. लायब्ररी सी++ मध्ये लिहिलेली असेल तर तिची स्वतःची आवराआवरीची व्यवस्थाही त्या उडीखाली दबते. दोन्ही बाजू आपापल्या नियमाने अचूक वागतात आणि तरी दर चुकीच्या क्वेरीमागे थोडी मेमरी अनाथ होते. म्हणून या गळतीला हलगर्जी म्हणणे अपुरे आहे. दोन घरांच्या दोन रीती एका छपराखाली आल्या, आणि त्यांच्यातला व्यवहार कुणी लिहून ठेवला नव्हता.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एक्सएमएलच्या प्रकरणात मिळतो. फेब्रुवारी 2008 मधल्या 8.3 आवृत्तीत पोस्टग्रेसला स्वतःचा एक्सएमएल प्रकार मिळाला आणि वाचनाचे काम नोम प्रकल्पातून आलेल्या लिबएक्सएमएल 2 या लायब्ररीकडे सोपवले गेले. ही लायब्ररी तशी समजूतदार. मेमरी मागण्याची आणि परत करण्याची फंक्शन बदलून घ्यायची सोय ती स्वतःच देते. पोस्टग्रेसने त्या सोयीचा फायदा घेतला आणि लायब्ररीची सगळी मागणी आपल्या खात्याकडे वळवली. विचार मोहक होता: परक्याला आपल्याच वहीत घेतले की बांधाचा प्रश्नच मिटला. पण लायब्ररी काही रचना पुढच्या कामासाठी स्वतःजवळ राखून ठेवते, आणि त्याच प्रोसेसमध्ये पर्ल भाषेतले एखादे फंक्शन हीच लायब्ररी आपल्या मार्गाने वापरत असू शकते. मग ‘मॅलॉक’ने घेतलेला तुकडा पोस्टग्रेसच्या फंक्शनने परत केला जाण्याचा, किंवा त्याच्या उलट होण्याचा धोका उभा राहतो. गळती टाळायला केलेल्या उपायातून सर्व्हर कोसळू लागला, आणि गळतीपेक्षा ते वाईट. जुलै 2009 मधल्या 8.4 मध्ये हा कोड बदलला गेला. बदल एवढा मोठा होता की तो आधी प्रत्यक्ष वापरात तावूनसुलाखून निघू दिला आणि मार्च 2010 मध्ये मग 8.3 च्या दुरुस्ती आवृत्तीत मागे नेला.

नव्या कोडने विलीनीकरण सोडले आणि बांध मान्य केला. लिबएक्सएमएलने मागितलेले तिने ‘मॅलॉक’नेच घ्यावे, आणि पोस्टग्रेसने तिला जिथे जिथे बोलावले आहे, तिथे त्रुटी पकडणारे कुंपण घालून, पुढची उडी मारण्याआधी दस्तऐवज मोकळा करावा. त्या कोडमध्ये एक्सएमएलच्या दस्तऐवजाचा पत्ता ठेवणारे चल ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर केलेले दिसते. हा एक शब्द सगळी गोष्ट सांगतो. कुंपण घातल्यानंतर त्या चलाची किंमत बदललेली असते, आणि कंपायलरने ती सोयीसाठी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवली असेल तर उडीनंतर तिचा भरवसा राहत नाही. मग आवरायला आलेल्या कोडला वाटेल, दस्तऐवज उघडलाच नव्हता. शब्द विसरला की गळती पुन्हा सुरू, आणि तीही फक्त त्रुटी आली तरच. बांधावरचा करार इतका बारीक लिहावा लागतो.

पोस्टजीआयएसची कहाणी याच निष्कर्षाकडे दुसऱ्या वाटेने येते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने 2001 मध्ये पोस्टग्रेसला नकाशांची भाषा शिकवणारा हा विस्तार आणला. भूमितीचे अवघड काम ज्या जीईओएस लायब्ररीवर सोपवले, ती जावामधल्या जेटीएस या लायब्ररीचे सी++ मधले रूप. जावात टाकून दिलेल्या वस्तू उचलायला सफाई कामगार असतो. कुठली वस्तू कुणाच्या मालकीची, हे मूळ लेखकाला लिहावेच लागत नाही. सी++ मध्ये आणताना जे मुळात लिहिलेलेच नव्हते, ते प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावे लागले. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट प्रोज या नकाशा-प्रक्षेपणाच्या लायब्ररीची आहे. प्रक्षेपणाची व्याख्या दर ओळीला नव्याने वाचणे परवडत नाही, म्हणून तयार झालेली वस्तू क्वेरी संपेपर्यंत जपून ठेवतात. क्वेरी संपली की पोस्टग्रेसचे खाते पुसले जाते, जपणुकीची नोंद जाते, आणि प्रोजची ‘मॅलॉक’ची वस्तू मागे उरते. पोस्टग्रेसकडे तेव्हा खाते पुसताना इतरांना कळवायची सोय नव्हती. पोस्टजीआयएसच्या लेखकांनी मग एक बनावट खाते तयार केले. त्यात मेमरी वाटण्याची कामे रिकामी ठेवलेली, फक्त ‘पुसा’ या आज्ञेला उत्तर देणारे फंक्शन खरे. हे खाते क्वेरीच्या खात्याचे मूल म्हणून जोडले की वडिलांबरोबर त्यालाही पुसायची आज्ञा येई, आणि ती आली की ते शेजारच्या नोंदवहीत पाहून प्रोजची वस्तू मोकळी करी. मेमरी न देता केवळ मृत्यूची खबर ऐकायला बसवलेले हे खाते म्हणजे सर्व्हरने न लिहिलेला करार शेजाऱ्याने आपल्या खर्चाने लिहून काढणे होते. जानेवारी 2016 मध्ये आलेल्या 9.5 आवृत्तीत पोस्टग्रेसने खाते पुसताना बोलवायच्या फंक्शनची अधिकृत सोय दिली आणि त्या कसरतीची गरज संपली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस असते; ती संपली की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी काढून घेते, मग एवढी चिंता कशाला? हा युक्तिवाद पोकळ नाही. अपाचीने याच तत्त्वावर ठरावीक विनंत्यांनंतर प्रोसेस बंद करायची सोय दिली आणि लायब्ररींमधल्या गळतीचे कारण उघडपणे सांगितले. पण जोडणीचे आयुष्य आता पूर्वीसारखे छोटे राहिलेले नाही. जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा वापरणारे पूल रूढ झाले, तसे एकेक प्रोसेस तासन्‌तास आणि हजारो क्वेरींपर्यंत चालू लागली. 2018 च्या 11 व्या आवृत्तीत क्वेरीचे मशीन कोड करणारी एलएलव्हीएम लायब्ररी आत आली, आणि 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून ती सोय आपोआप चालू राहू लागली. छोट्या फंक्शनचा कोड जागच्या जागी मिसळताना त्यांचे प्रकार लायब्ररीच्या संचात जमा होत आणि तिथून ते निघत नसत. पुरेशा वेळा असे घडले की प्रोसेसला मेमरी पुरेनाशी होई, अशा तक्रारी वारंवार आल्या. नोव्हेंबर 2023 च्या दुरुस्ती आवृत्त्यांमध्ये इलाज आला: तो संच सुमारे 100 वापरांनंतर, त्यावर आधारलेले काही चालू नसताना, टाकून नवा करायचा. एकेक प्रकार सोडवण्याऐवजी अख्खा संच टाकणे हे आडमुठे वाटेल. पण लायब्ररीला ज्या मापात परत घेता येते, त्याच मापात परत करायचे, हाही कराराचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप: परक्याला वेगळ्या प्रोसेसमध्येच का ठेवू नये? ओरॅकलने 1997 च्या आठव्या आवृत्तीत सी भाषेतल्या बाह्य फंक्शनसाठी हाच मार्ग घेतला, आणि कमी वेळा बोलावल्या जाणाऱ्या कामांसाठी तो आजही शहाणपणाचा आहे. एसक्यूएल सर्व्हरने 32 बिटांच्या काळात उलट केले: परक्या लायब्ररी पोटात ठेवल्या आणि त्यांच्यासाठी 256 मेगाबाइटची वेगळी जागा बाजूला काढली. पहिल्या मार्गात दर ओळीमागे उंबऱ्याची पट्टी भरावी लागते. लाखो भूखंडांमधून एकमेकांना छेदणारे शोधणाऱ्या क्वेरीला ती झेपत नाही. दुसऱ्या मार्गात ती 256 मेगाबाइट भरली की रडगाणे तेच. बर्कलीच्याच वारशातून आलेल्या इलस्ट्राने, आणि 1996 मध्ये ती कंपनी घेणाऱ्या इन्फॉर्मिक्सने, तिसरी वाट काढली. त्यांच्या ‘डेटाब्लेड’ या विस्तारांमध्ये मेमरी मागतानाच तिची मुदत सांगायची: या फंक्शनपुरती, या आज्ञेपुरती, की त्याहून लांब. माझ्या मते या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर होते, कारण त्यात मालकीचा प्रश्न मागणीच्या क्षणीच विचारला जातो.

तिसरा आक्षेप गळती शोधणाऱ्या अवजारांचा. 1991 मध्ये प्युरिफाय आले, 2002 मध्ये व्हॅलग्राइंड, पुढे कंपायलरमध्येच बसवलेले गळतीशोधक. मग गळती हा आता इतिहासच नव्हे का? पोस्टग्रेसला व्हॅलग्राइंडसाठी आपल्या कोडमध्ये खास खुणा घालाव्या लागल्या, आणि त्या 2014 च्या 9.4 मध्ये आल्या. कारण बाहेरून पाहणाऱ्या अवजाराला फक्त मोठे ठोकळे दिसतात, त्यांच्या आतले छोटे तुकडे दिसत नाहीत. याहून खोल अडचण अशी की असे अवजार ‘हा पत्ता अजून कुणाकडे आहे का’ एवढेच तपासू शकते. एलएलव्हीएमच्या संचातल्या प्रकारांचे पत्ते शेवटपर्यंत संचाकडे होतेच. त्या व्याख्येने ती गळती ठरत नाही. पत्ता असणे आणि गरज असणे यांतला फरक अवजाराला कळत नाही, तो करारात लिहिलेला असावा लागतो. भाषा बदलण्याचा उपायही इथेच अडतो. पोस्टग्रेसचा काही भाग सुरुवातीला लिस्पमध्ये होता. दोन भाषांचा तो संसार टिकला नाही आणि सगळे सीमध्ये आले. यादीच्या सुरुवातीला घटक जोडणाऱ्या ‘एलकॉन्स’सारख्या नावांत लिस्प अजून ऐकू येते. रस्टसारखी भाषा आपल्या हद्दीत मालकी काटेकोर राखते, पण सर्व्हरची ‘लाँगजंप’ तिच्याही हद्दीबाहेरची आहे, आणि तिथे पुन्हा माणसालाच कुंपण घालावे लागते.

असे कुंपण घालायचे साधन पोस्टग्रेसने 2005 च्या 8.0 आवृत्तीपासून हळूहळू घडवले आहे. खाती मेमरीचा हिशेब ठेवतात, तसे ‘रिसोर्स ओनर’ मेमरीपलीकडच्या गोष्टींचा ठेवतात. 2016 मध्ये ओपनएसएसएल या कूटबद्धतेच्या लायब्ररीने 1.1.0 आवृत्तीत आपल्या रचना झाकून टाकल्या. त्या पोस्टग्रेसच्या खात्यात मांडता येईनात, लायब्ररीकडूनच मागाव्या लागू लागल्या. तेव्हा कूटबद्धतेच्या विस्ताराने उघडलेल्या प्रत्येक वस्तूची साखळी दीर्घायुषी खात्यात ठेवली आणि ट्रान्झॅक्शन रद्द झाली की या व्यवस्थेमार्फत ती एकेक करून परत केली. परक्याची मेमरी परक्याचीच राहिली. घराने सांभाळली ती फक्त परतीची आठवण. 8.3 मधल्या एक्सएमएलच्या फसलेल्या विलीनीकरणातून निघालेला धडा इथे पूर्ण झाला.

तो फसलेला प्रयोगही कोडमधून पुसला गेलेला नाही. एक्सएमएलच्या फाइलमध्ये लायब्ररीची मागणी खास खात्याकडे वळवणारा कोड अजून आहे, फक्त बंद करून ठेवलेला. तो डीबगच्या बिल्डमध्येच चालू करावा आणि रोजच्या वापरात करू नये, असा खुलासा त्याच्या शेजारी लिहिला आहे. गळतीचा शोध घेणाऱ्याने परक्याचा सगळा खर्च काही वेळ एकाच वहीत ओढून पाहावा, कुठल्या फंक्शनमागे आकडा वाढतो ते टिपावे, आणि जागा सापडली की वही पुन्हा वेगळी करून त्या जागी परतीची एक ओळ लिहावी. चालता सर्व्हर ज्या उपायाने कोसळू शकतो, तोच उपाय शोध घेताना दिव्याचे काम करतो. बांध कुठे खचला आहे ते बघायला दोन्ही शेतांवर एकच उजेड पाडता येतो. पण सकाळी बांध असतो तिथेच लागतो, आणि त्याची डागडुजी कुणी करायची हे नावानिशी लिहिलेले लागते.